विश्लेषण : कार्बनच्या नॅनोनळ्या भट्टीत ‘उगवतात’ कशा? ३० वर्षांनंतरही ही ‘शेती’ बेभरवशाची का?

पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत, उत्तम वीजवाहक आणि केसाच्या जाडीच्या हजारो पट बारीक अशी कार्बनची पोकळ नळी म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. १९९१ मध्ये तिच्याकडे जगाचे लक्ष गेले, तेव्हा अंतराळापर्यंत जाणाऱ्या लिफ्टपासून सिलिकॉनशिवाय चालणाऱ्या संगणकापर्यंत अनेक स्वप्ने रंगवली गेली. आज ती टनावारी विकली जाते, पण तिचा मोठा वापर होतो तो इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीतील काळ्या लेपात. स्वप्न आणि वास्तव यांत एवढे अंतर का पडले, याचे उत्तर बरेचसे ही नळी तयार करण्याच्या पद्धतीत आहे. ही पद्धत म्हणजे केमिकल व्हेपर डिपॉझिशन, अर्थात सीव्हीडी. तिच्यात नेमके काय घडते, अडते कुठे आणि यात भारताचा वाटा काय, याचा हा आढावा.

नॅनोट्यूब म्हणजे नेमके काय?

पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्राफाइट. त्यात कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात आणि अशा जाळ्यांचे थर एकमेकांवर रचलेले असतात. यातला एकच थर घेऊन त्याची सुरळी केली आणि कडा बेमालूम जुळवल्या तर जी नळी होईल, ती एकपदरी नॅनोट्यूब. तिचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. एकात एक बसवलेल्या डब्यांप्रमाणे अनेक नळ्या एकमेकींत असतील तर ती बहुपदरी नॅनोट्यूब.

कार्बन-कार्बन बंध हा निसर्गातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक. त्यामुळे नळीची ताकदही तशीच. २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सुटी बहुपदरी नळी दोन्हीकडून ताणून तोडली, तेव्हा तिच्या बाहेरच्या पदराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल इतकी भरली. बांधकामातील साधे पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास तुटते. पण ही ताकद एका सुट्या, निर्दोष नळीची आहे. अब्जावधी नळ्या एकत्र करून दोर वळला की नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि ताकद झपाट्याने घटते.

शोधाचे श्रेय कोणाचे?

सर्वसाधारणपणे नाव घेतले जाते ते जपानच्या सुमिओ इजिमा यांचे. एनईसी कंपनीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत ग्राफाइटच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून मिळालेल्या अवशेषांत त्यांना या नळ्या दिसल्या. ‘नेचर’मधील त्यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाने या क्षेत्राला तोंड फुटले. १९९३ मध्ये एकपदरी नळीचा शोध इजिमा यांच्या आणि आयबीएमच्या गटाने स्वतंत्रपणे, एकाच वेळी जाहीर केला.

मात्र अशा नळ्या त्याआधीही दिसल्या होत्या. १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधक राडुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी रशियन नियतकालिकात कार्बनच्या पोकळ तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेली छायाचित्रे छापली होती. १९७६ मध्ये मोरिनोबू एन्डो यांनी फ्रान्समधील सहकाऱ्यांसह बेन्झिनच्या वाफेपासून असे तंतू वाढवले. एन्डो यांची रीत म्हणजेच आजची सीव्हीडी. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे, रासायनिक कारखान्यांत असे तंतू ही डोकेदुखी मानली जात असे. निकेल किंवा लोखंडावर तापलेला हायड्रोकार्बन वायू गेला की हे काळे तंतू वाढून नळकांडी तुंबत. १९७० च्या दशकात ब्रिटनचे आर. टी. के. बेकर यांनी या तंतूंची वाढ बारकाईने अभ्यासली. तो अभ्यासच आज नॅनोट्यूब वाढवण्याचा पाया आहे. जी काजळी टाळायची होती, तीच आता पिकवायची आहे.

सीव्हीडी भट्टीत काय असते?

प्रयोगशाळेतील मांडणी साधी असते. आडव्या विद्युतभट्टीतून क्वार्ट्झची एक लांब नळी आरपार गेलेली असते. मध्यभागी सिलिकॉनचा छोटा तुकडा ठेवतात. त्यावर आधी ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्यावर लोखंडाचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीचा लेप दिलेला असतो. नळीतून आरगॉन आणि हायड्रोजन सोडत भट्टी तापवतात. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात; तसाच तापलेल्या ॲल्युमिनावर लोखंडाचा लेप फुटून त्याचे असंख्य सूक्ष्म कण तयार होतात. हे कण म्हणजे उत्प्रेरक, या शेतीचे बियाणे.

त्यानंतर खत म्हणून कार्बन असलेला वायू सोडला जातो. तो मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन किंवा अल्कोहोलची वाफ यांपैकी काहीही असू शकतो. तापमान साधारण ६०० ते १,००० अंश सेल्सियस. विजेच्या ठिणगीच्या पद्धतीत कार्बनची वाफ करण्यासाठी ३,००० अंशांच्या वर जावे लागते. सीव्हीडीचे पहिले बलस्थान हे कमी तापमान. दुसरे म्हणजे, जिथे उत्प्रेरक ठेवाल तिथेच नळी उगवते. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंगजी दाइ यांच्या गटाने सिलिकॉनवर उत्प्रेरकाची छोटी बेटे आखून, १,००० अंशांवर मिथेन वापरून नेमक्या त्या जागीच एकपदरी नळ्या वाढवून दाखवल्या. तिसरे, ही प्रक्रिया सतत चालू ठेवता येते. म्हणूनच आज जगातील बहुतेक नॅनोट्यूब सीव्हीडीनेच तयार होतात.

कणातून नळी बाहेर कशी पडते?

वायूचा रेणू तापलेल्या लोखंडाच्या कणावर आदळतो आणि तुटतो. हायड्रोजन निघून जातो, कार्बन कणात किंवा त्याच्या पृष्ठभागावर मुरतो. साखरेच्या पाकात ठरावीक मर्यादेपर्यंतच साखर विरघळते. मर्यादा ओलांडली की दोऱ्यावर खडीसाखर जमू लागते. कणातही तसेच होते. कार्बनची मर्यादा ओलांडली की तो बाहेर पडू लागतो. मात्र कण इतका लहान असतो की त्यावर ग्राफाइटचा सपाट थर बसू शकत नाही. मग कार्बनची आधी टोपी तयार होते आणि मागून येणारे अणू तिला वर ढकलत राहतात. सोऱ्यातून शेव पडावी तशी नळी वाढत जाते. ताटलीचे भोक जेवढे, तेवढी शेव जाड. इथे कण जेवढा, तेवढा साधारण नळीचा व्यास.

कण तळाला घट्ट चिकटलेला असेल तर नळी त्याच्यावरून उगवते. पकड सैल असेल तर नळी कणालाच उचलून डोक्यावर घेते. २००४ मध्ये डेन्मार्कच्या हालडोर टॉपसो कंपनीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत मिथेन सोडून निकेलच्या कणावर कार्बनचे तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिले. कण सतत आकार बदलत होता, लांबत होता, पुन्हा आखडत होता. वाढीच्या वेळी कण घन असतो की वितळल्यासारखा, कार्बन त्याच्या आतून जातो की पृष्ठभागावरून सरकतो, हे धातू आणि तापमानानुसार बदलते. त्यावरचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

वाढ मध्येच थांबते का? त्यावर उपाय काय?

थांबते, आणि हीच मोठी अडचण होती. वायूतून येणारा सगळा कार्बन शिस्तीत नळीत बसत नाही. काही कार्बन काजळीसारखा कणावर साचतो, त्याला चारही बाजूंनी झाकतो आणि कण निकामी होतो. सुरुवातीच्या काळात उत्प्रेरकाचे आयुष्य मिनिटभराचेच असे.

२००४ मध्ये जपानच्या एआयएसटी या राष्ट्रीय संस्थेत केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी यावर अनपेक्षित उपाय शोधला : पाणी. इथिलीनबरोबर पाण्याची अत्यल्प वाफ, म्हणजे दहा लाख भागांत फार तर काहीशे भाग, भट्टीत सोडली. या वाफेने कणावरची काजळी खरवडली जाते, पण नळीला धक्का लागत नाही. परिणाम असा की १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीचे एकपदरी नळ्यांचे ‘जंगल’ उभे राहिले. नळ्यांचे वजन उत्प्रेरकाच्या ५०० पटींहून अधिक होते आणि शुद्धता ९९.९८ टक्क्यांच्या वर. ‘सुपरग्रोथ’ असे नाव मिळालेल्या या तंत्रावर आधारित कारखाना जपानच्या झिऑन कंपनीने २०१५ मध्ये यामागुची प्रांतातील तोकुयामा येथे सुरू केला.

त्याआधी २००२ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या शिगेओ मारुयामा यांनी अल्कोहोलच्या वाफेपासून तुलनेने कमी तापमानात स्वच्छ एकपदरी नळ्या मिळवल्या होत्या. अल्कोहोलच्या रेणूतील ऑक्सिजन तिथेही हेच सफाईचे काम करतो.

मग बेभरवशाची का म्हणायची?

जे पाणी थेंबभर घातले तर पीक वाढवते, तेच न सांगता आत शिरले तर घोळ घालते. एकाच भट्टीत, एकाच कृतीने, एकाच माणसाने सकाळी आणि दुपारी केलेल्या प्रयोगांत जंगलाची उंची वेगळी भरते, हा या क्षेत्रातील सार्वत्रिक अनुभव. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जॉन हार्ट यांच्या गटाने आपल्या असंख्य प्रयोगांच्या नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. तफावतीमागील प्रमुख कारणांत एक होते खोलीतील हवेची आर्द्रता. नमुना ठेवण्यासाठी नळी उघडली की दमट हवा आत शिरते आणि भिंतींना चिकटलेला ओलावा पुढे वाफ होऊन प्रक्रियेत मिसळतो. मागच्या प्रयोगाचा नळीच्या भिंतीवर साचलेला कार्बनही पुढच्या प्रयोगावर परिणाम करतो.

म्हणूनच वाढीपूर्वी नळीत भरपूर वेळ कोरडा वायू फिरवणे, दोन प्रयोगांमध्ये रिकामी नळी हवेत तापवून साचलेला कार्बन जाळून टाकणे, नमुना प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी ठेवणे ही पथ्ये पाळावी लागतात. जुलैमध्ये हवा चिंब असणाऱ्या मुंबईतील आणि डिसेंबरात ओठ फुटणाऱ्या थंडीतील प्रयोगशाळेत एकच कृती सारखा निकाल देईल, असे गृहीत धरता येत नाही. कागदावरची कृती सारखी, पण हाताला येणारे पीक वेगळे, हे संशोधकाला चालवून घेता येईल. बॅटरी किंवा चिप बनवणाऱ्या कारखान्याला ते चालत नाही.

कारखान्यात नळ्या टनावारी कशा निघतात?

तिथे सिलिकॉनचे तुकडे नसतात. एक रीत ‘फ्लुइडाइज्ड बेड’ची : उत्प्रेरकाची भुकटी उभ्या, तापलेल्या टाकीत भरतात आणि खालून वायू सोडतात. भुकटी उकळत्या द्रवासारखी उसळत राहते आणि प्रत्येक दाण्यावर नळ्यांची गुंतवळ वाढते. चीनच्या शिंग्व्हा विद्यापीठातील फेइ वेइ यांच्या गटाने या रीतीवर मोठे काम केले आहे. याच गटाने २०१३ मध्ये वेगळ्या मांडणीत ५५ सेंटिमीटर लांबीची सलग नॅनोट्यूब वाढवल्याचे जाहीर केले. म्हणजे व्यास नॅनोमीटरमध्ये आणि लांबी अर्ध्या मीटरहून जास्त.

दुसरी रीत तरंगत्या उत्प्रेरकाची. यात फेरोसीनसारखे लोखंड असलेले संयुग कार्बनच्या वायूबरोबरच भट्टीत फवारले जाते. लोखंडाचे कण हवेतच तयार होतात आणि नळ्याही हवेतच वाढतात. २००४ मध्ये केंब्रिज विद्यापीठात ॲलन विंडल आणि सहकाऱ्यांनी भट्टीत तयार झालेला हा नळ्यांचा ‘धूर’ सरळ सळईवर गुंडाळून त्याचा धागा ओढून दाखवला. कापसाच्या पेळूतून सूत काढावे, तसा भट्टीतून काळा धागा निघतो.

यात भारताचे, महाराष्ट्राचे योगदान काय?

लक्षणीय आहे. फेरोसीनसारख्या संयुगांच्या विघटनातून नॅनोट्यूब मिळवण्याचे काम बेंगळूरुच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. सी. एन. आर. राव यांच्या गटाने १९९७ च्या सुमारास केले. बनारस हिंदू विद्यापीठाचे प्रा. ओ. एन. श्रीवास्तव आणि अमेरिकेतील प्रा. पुलिकेल अजयन यांच्या गटांनी २००४ मध्ये बेन्झिन आणि फेरोसीन फवारून नॅनोट्यूबच्या भिंती असलेली, डोळ्यांना दिसणारी नळकांडी बनवली. त्यांतून पाणी गाळले असता ई-कोलाय जिवाणू आणि पोलिओचा विषाणूही अडवता आला.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण कापराचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापूर आणि केरोसीन यांसारख्या सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून कार्बनची नॅनोरूपे मिळवण्यावर काम केले. त्यातील मुकुल कुमार यांनी पुढे जपानमधील नागोया येथील मेइजो विद्यापीठात योशिनोरी आन्दो यांच्यासोबत हे काम बरेच पुढे नेले.

कापूरच का? देवघरात कापूर जाळला की ताटलीवर काजळी धरते, म्हणजे त्यात कार्बन भरपूर. त्याच्या रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन असतो. वजनाच्या सुमारे ७९ टक्के कार्बनच. तो वितळण्याआधीच थेट वाफ होतो, त्यामुळे वायूच्या टाक्या लागत नाहीत. रेणूतील ऑक्सिजन काजळी साफ करण्यास मदत करतो, असे या संशोधकांचे म्हणणे. झिओलाइटवर लोखंड आणि कोबाल्ट बसवून ६५० अंशांवर बहुपदरी आणि ९०० अंशांच्या आसपास एकपदरी नळ्या त्यांनी मिळवल्या. अनुकूल परिस्थितीत बहुपदरी नळ्यांचे वजन वापरलेल्या कापराच्या निम्म्यापर्यंत गेले. बाजारातला बहुतेक कापूर पाइनच्या झाडापासून निघणाऱ्या टर्पेंटाइनपासून बनतो, म्हणजे कच्चा माल पुन्हा पिकवता येणारा. तरीही उद्योगांनी इथिलीन आणि प्रोपिलीनसारखे वायूच पसंत केले, कारण पेट्रोकेमिकल संकुलात ते पाइपातून, ठरावीक शुद्धतेचे आणि हवे तेवढे मिळतात. कच्चा माल स्वस्त असणे पुरेसे नसते. तो रोज सारखाच असावा लागतो.

प्राचीन भारतीयांना नॅनोट्यूब ठाऊक होत्या का?

समाजमाध्यमांवर हा दावा वारंवार फिरतो. त्यामागे दोन खरी संशोधने आहेत. २००६ मध्ये जर्मनीतील संशोधकांना १७व्या शतकातील दमास्कस तलवारीच्या पोलादात नॅनोट्यूबसारख्या रचना आढळल्या. अशा तलवारींसाठी लागणारे ‘वुट्झ’ पोलाद भारतातून जात असे. २०२० मध्ये तमिळनाडूतील किळडी येथील प्राचीन मातीच्या भांड्यांच्या काळ्या लेपातही नॅनोट्यूब सापडल्याचे प्रसिद्ध झाले. दोन्ही ठिकाणी उष्णता, कार्बन आणि धातूचे अंश एकत्र होते. म्हणजे नकळत सीव्हीडीसारखी परिस्थिती जुळली होती. यातून त्या कारागिरांचे कौशल्य सिद्ध होते. अणूंची रचना त्यांना ठाऊक होती, असे मात्र सिद्ध होत नाही.

उद्योगांचा अनुभव कसा राहिला?

जर्मनीच्या बायर कंपनीने २०१० मध्ये लेव्हरकूझेन येथे वर्षाला २०० टन क्षमतेचा प्रायोगिक कारखाना सुरू केला. अवघ्या तीन वर्षांत, मे २०१३ मध्ये कंपनीने हा व्यवसायच सोडून देत असल्याचे जाहीर केले. नळ्या बनवता येत होत्या, पण त्या विकायच्या कोणाला? टेनिसच्या रॅकेटपासून पवनचक्कीच्या पात्यांपर्यंत उपयोग अनेक होते, मात्र प्रत्येक बाजारपेठ छोटी आणि विखुरलेली होती.

चित्र पालटले ते लिथियम-आयन बॅटरीमुळे. बॅटरीच्या धन अग्राचा पदार्थ स्वतः फारसा वीजवाहक नसतो. म्हणून त्यात कार्बन ब्लॅक मिसळतात. गोल कणांची साखळी जोडायला बरेच कण लागतात. लांब नळ्यांचे जाळे मात्र थोडक्या वजनात तेच काम करते. वाचलेल्या जागेत ऊर्जा साठवणारा पदार्थ अधिक भरता येतो. ऋण अग्रात सिलिकॉन वापरायचे तर चार्जिंगच्या वेळी ते फुगून तिपटीहूनही मोठे होऊ शकते आणि तडकते. तिथे एकपदरी नळ्या तडकलेल्या कणांना दोऱ्यांसारख्या बांधून ठेवतात. दक्षिण कोरियाच्या एलजी केम कंपनीने २०२१ मध्ये येसू येथे १,२०० टनांची भर घालून आपली वार्षिक क्षमता १,७०० टनांवर नेली. चीनमधील कंपन्यांनीही या बाजारपेठेत मोठी मजल मारली आहे. भारतात बॅटरीचे कारखाने उभे राहू पाहत असताना सेलबरोबर त्यात लागणाऱ्या अशा पदार्थांचे काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

चिपमध्ये नॅनोट्यूब का येत नाही?

कारण सुरळी कोणत्या कोनात वळली, यावर नळीचा स्वभाव ठरतो. एका कोनात ती धातूसारखी वीज वाहते, दुसऱ्या कोनात ती अर्धवाहक होते. निवड न करता नळ्या वाढवल्या तर सुमारे एकतृतीयांश धातूसारख्या आणि दोनतृतीयांश अर्धवाहक निघतात. बॅटरीला याने फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र एक जरी धातुसदृश नळी आली तरी तो कधी पूर्ण बंदच होत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, नळ्या आधी वाढवायच्या आणि मग द्रावणात घालून निवडायच्या, धान्य पाखडावे तशा. दुसरा, हवी तीच नळी उगवेल असे बियाणे शोधायचे. २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठातील यान ली यांच्या गटाने टंगस्टन आणि कोबाल्टचा न वितळणारा कण वापरून एकाच रचनेच्या नळ्यांचे प्रमाण ९२ टक्क्यांपर्यंत नेले. आकडा मोठा वाटतो, पण मोठ्या चिपसाठी सैद्धांतिक गरज ९९.९९९९९९ टक्के अर्धवाहक नळ्यांची आहे. २०१९ मध्ये एमआयटीतील मॅक्स शुलाकर यांच्या गटाने परिपथाची आखणीच अशी बदलली की ९९.९९ टक्के शुद्धताही पुरेशी ठरली. अशा १४ हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरचा १६ बिटचा प्रोसेसर त्यांनी बनवला आणि त्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ हा प्रोग्राम चालवून दाखवला. आजच्या मोबाइलमधील चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, हे लक्षात घेतले की उरलेला पल्ला कळतो.

आरोग्याला धोका आहे का?

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. लांब, ताठ आणि सहज न विरघळणारे तंतू फुप्फुसात गेले की शरीरातील सफाई करणाऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत. सिमेंटच्या पत्र्यांत वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टॉसने हेच केले. २००८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी लांब बहुपदरी नळ्या उंदरांच्या उदरपोकळीत टोचल्या असता ॲस्बेस्टॉससारखीच दाहक प्रतिक्रिया दिसली. आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांमुळे ती तशी दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ या विशिष्ट बहुपदरी प्रकाराला ‘माणसात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता’ या गटात टाकले. इतर प्रकारांबाबत पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले.

अमेरिकेच्या ‘निऑश’ या संस्थेने २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम ही आठ तासांची सरासरी मर्यादा सुचवली. पॉलिमरमध्ये किंवा बॅटरीत घट्ट बसलेल्या नळ्यांपासून वापरणाऱ्याला फारशी भीती नाही. धोका आहे तो भट्टी उघडणाऱ्या, भुकटी पोत्यात भरणाऱ्या आणि पुढे जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराला. जुन्या बॅटऱ्या आणि भंगार हाताने सोडवण्याची पद्धत असलेल्या आपल्या देशात ही बाब आताच नियमांत यायला हवी.

पुढे काय?

दोन दिशांकडे लक्ष ठेवण्यासारखे आहे. पहिली, यंत्राकडून कृती शोधून घेण्याची. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये ‘एरिस’ ही स्वयंचलित यंत्रणा मांडली. ती स्वतः नॅनोट्यूब वाढवते, निकाल तपासते आणि पुढचा प्रयोग ठरवते, दिवसाला १०० च्या आसपास. माणसाच्या हाताने महिने लागणारी चाचपणी त्यामुळे काही दिवसांवर येते. दुसरी दिशा हायड्रोजनची. मिथेनचे विघटन केले की घन कार्बन आणि हायड्रोजन मिळतो, कार्बन डायऑक्साइड नाही. हा कार्बन नॅनोट्यूबच्या रूपात विकता आला तर हायड्रोजनचा खर्च भागेल, असा हिशेब मांडला जात आहे. त्यासाठी नळ्यांची मागणी आजच्या कित्येक पट वाढावी लागेल.

नॅनोट्यूब वाढवणे आता अवघड राहिलेले नाही. भट्टी, लोखंड आणि कार्बनचा वायू एवढ्यावर ते साधते. अवघड आहे ते हवी तीच नळी, हवी तिथे आणि दर वेळी तशीच वाढवणे. बॅटरीने यातले पहिले दोन हट्ट सोडले, म्हणून तिला नॅनोट्यूब मिळाली. चिपला तिन्ही हवेत, म्हणून ती अजून थांबली आहे.